खुर्चीपर्यंतचे टप्पे

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना हमरस्ता नाशिक सोडून ईशान्येकडे निघाला, कीं सुमारें ६५ किलोमीटरांवर डोंगरांच्या कुशींत चांदवड लागतें. होळकरशाहीची आठवण देणारा रंगमहाल आणि डोंगरांतील रेणुकामातेचें देऊळ यांमुळें हें गांव पुष्कळांना ठाऊक आहे. आणि या दोहोंशीं पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांचें नांव जोडलेलें आहे. अहिल्याबाईंनीं देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधविल्या. त्यांमागील विचार साधा होता. लांबचा प्रवास एका दमांत होत नसतो. वाटसरूला ठराविक अंतरावर पाणी, सावली आणि रात्रीचा निवारा मिळाला, तरच तो दुसऱ्या दिवशीं पुढें पाऊल टाकतो. मुक्काम म्हणजे प्रवासांतील खंड नव्हे. तो प्रवासाचाच भाग होय.

ह्याच रस्त्यानें आज चांदवडचें एखादें कुटुंब दांत दुखणाऱ्या मुलाला घेऊन निघालें, तर नाशिकच्या पंचवटींत, त्याच आग्रा रस्त्यावर, कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. मोटारीनें तासदीड तासाचा मार्ग. परंतु तो मुलगा जर स्वमग्न असेल, त्याची बुद्धि वयाच्या मागें राहिली असेल, किंवा त्याचे हातपाय त्याच्या स्वाधीन नसतील, तर त्या कुटुंबाचा खरा प्रवास रुग्णालयाच्या दारापाशीं सुरू होतो. दारापासून दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंतचें अंतर फार तर दहा पावलांचें. पण तें मागच्या ६५ किलोमीटरांहून अवघड असतें. कित्येक कुटुंबें तेथूनच परत फिरतात. हीं दहा पावलें कशीं टाकावींत, हें माणसाला फार उशिरां उमगलें; आणि तें शिकविलें कोणत्याही यंत्रानें नव्हे, तर कांहीं शिक्षकांनीं आणि आईबापांनीं.

दांतदुखी ज्यानें अनुभविली नाहीं असा मनुष्य विरळा. ज्याला वाचा आहे तो गालाला हात लावून सांगतो, लवंगेचें तेल मागतो, आणि घरांतील माणसें त्याची दखल घेतात. पण ज्याला आपलें दुखणें शब्दांत मांडतां येत नाहीं, त्याचें काय? असें मूल घास टाकतें, रात्रीं तळमळतें, एकाच बाजूनें चावतें, स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतें, नाहीं तर हाताला चावा घेतें. पाहणाऱ्याला वाटतें कीं त्याचा स्वभावच तापट झाला. वस्तुतः ती तक्रार असते. फक्त तिला शब्द नसतात. दुखणें असें महिनोन् महिने अंगावर निघतें, आणि जेव्हां गाल सुजतो तेव्हांच तें घरच्यांच्या ध्यानांत येतें.

अशा व्यक्तींच्या दांतांवर संकट येण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांपैकीं एकही त्यांचा दोष नव्हे. मेंदूच्या पक्षाघातांत, ज्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हाताची पकड आणि जिभेची हालचाल स्वाधीन नसते. अन्न गालांत सांचून राहतें, आणि ब्रशचा स्पर्श होतांच जबडा आपोआप आवळला जातो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दांत उशिरां येतात, आणि त्यांना हिरड्यांचा विकार लवकर जडतो. अपस्मारावर १९३८ पासून वापरांत आलेल्या फेनिटॉइन या औषधानें झटके आटोक्यांत येतात, पण कित्येकांच्या हिरड्या वाढून दांतांवर चढतात. वर्षानुवर्षें घ्यावीं लागणारीं गोड पातळ औषधें दांतांना कीड लावण्यास मदत करतात. स्वमग्न मुलाला तर ब्रशच्या केसांचा स्पर्श, पेस्टची झणझणीत चव, दवाखान्यांतील दिव्याचा झोत आणि यंत्राची घरघर हीं इतरांहून कितीतरी तीव्र भासूं शकतात. तें ओरडतें तें हट्टानें नव्हे. तें त्याला असह्य होतें म्हणून.

दंतस्वच्छतेचें ज्ञान ह्या देशाला नवें नाहीं. दांतवणाची काडी बारा अंगुळें लांब आणि करंगळीएवढी जाड असावी, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. दांतांवरील कीट खरवडण्याच्या दंतशंकु नांवाच्या शस्त्राचाही तींत उल्लेख आहे. परंतु काडी चावणें, तिचा कुंचला करणें आणि तो दांतांवरून फिरविणें यांना हात, जबडा आणि समज हीं तिन्ही लागतात. यांपैकीं एकाचीही उणीव असली, तर तें काम दुसऱ्या कुणाला करावें लागतें. आणि तें बहुधा आईच्याच वांट्याला येतें. दुखणें विकोपाला गेलें, म्हणजे तर पूर्वीं एकच उपाय उरे : चौघांनीं धरावें आणि एकानें दांत उपटावा. धडधाकट माणसालाही ह्यांतून सुटका नव्हती. फरक एवढाच, कीं धडधाकट माणसाला आपल्याला कां धरलें आहे हें कळत होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या क्रौर्यावर पहिला मोठा उतारा सांपडला. १८४४ सालीं अमेरिकेंतील हार्टफर्डचा दंतवैद्य होरेस वेल्स यानें नायट्रस ऑक्साइड वायूच्या अमलाखालीं स्वतःचा दांत काढून घेतला. १८४६ सालीं विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानें बोस्टन येथें ईथरचा प्रयोग जाहीरपणें करून दाखविला, आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाला निराळें वळण लागलें. बेशुद्धीच्या औषधांनीं मानवजातीवर केलेले उपकार मोजतां येण्याजोगे नाहींत. दिव्यांग रुग्णांचीं मोठीं दंतकर्में आजही पुष्कळदां भूल देऊनच करावीं लागतात. तथापि भूल दांत दुरुस्त करूं देते, भीति दुरुस्त करीत नाहीं. रुग्ण जागा होतो तो पूर्वींच्याच भीतीसह. घरीं ब्रश पाहतांच तो पूर्वींप्रमाणेंच तोंड मिटतो. आणि पुन्हां कीड लागली कीं पुन्हां भूल द्यावी लागते.

योगायोग असा, कीं ज्या १८४६ सालीं बोस्टनमध्यें ईथरचा प्रयोग झाला, त्याच सालीं फ्रान्समध्यें एदुआर सेगें या शिक्षकाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. मंदबुद्धि म्हणून समाजानें टाकून दिलेल्या मुलांचें शिक्षण हा त्याचा विषय. सेगेंचे गुरु डॉक्टर इतार यांनीं शतकाच्या आरंभीं अरण्यांत सांपडलेल्या एका मुक्या मुलाला शिकविण्यांत कित्येक वर्षें खर्चिलीं होतीं. त्यांचें यश अपुरें होतें. पण शिष्यानें त्यांतून एक सूत्र उचललें. जें काम मुलाला येत नाहीं, त्याचे इतके लहान भाग पाडावेत, कीं त्यांतील पहिला भाग त्याला आजच साधावा. एकीकडे वैद्यानें रुग्णाला निजवून काम साधण्याची युक्ति शोधली, तर दुसरीकडे शिक्षकानें त्याला जागें ठेवून, त्याचेंच साहाय्य मिळविण्याची. पुढील शंभर वर्षें हे दोन प्रवाह एकमेकांना न भेटतां वाहत राहिले.

सेगेंचा प्रवाह महाराष्ट्रांत कसा पोहोंचला, हें पाहण्यासारखें आहे. इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं इतार आणि सेगें यांचे ग्रंथ अभ्यासले, रोममधील मंदबुद्धि मुलांवर ती पद्धति वापरली, आणि मगच १९०७ सालीं सामान्य मुलांसाठीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन करून तो विचार ह्या भागांत रुजविला. स्वतः माँटेसरी १९३९ मध्यें भारतांत आल्या. ताराबाईंनीं १९४५ मध्यें बोर्डीला आणि १९५७ मध्यें कोसबाडच्या टेकडीवर काम मांडलें. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं तेथील आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा आरंभ अंगाच्या स्वच्छतेपासून केला. ज्या बालवाडीचें सुशिक्षित मराठी घरांनीं कौतुक केलें, जिच्यांत बटण लावणें, हात धुणें, पाणी ओतणें हे स्वतंत्र धडे मानले जातात, तिची मूळ युक्ति दिव्यांग मुलांनींच शिकविलेली आहे. समाजानें त्यांच्याकडून घेतलेलें हें ऋण सहसा कुणी उच्चारीत नाहीं.

तें फेडण्याचा आरंभही घरांतूनच झाला. १९४४ सालीं मुंबईंत जय वकील आणि होरमसजी वकील या दांपत्यानें डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्तानें एक शाळा काढली. नाशिकला १९७७ सालीं रजनी लिमये यांनीं प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलें; त्यांनाही ही वाट स्वतःच्या मुलानेंच दाखविली. १९८४ मध्यें सिकंदराबाद येथें केंद्र सरकारनें या विषयाची राष्ट्रीय संस्था उभी केली. तिनें दैनंदिन कौशल्यें शिकविण्यासाठीं ज्या पुस्तिका तयार केल्या, त्यांत जेवणें, कपडे घालणें यांच्या जोडीला दांत घासणें हाही एक स्वतंत्र विषय आहे. सामान्य माणसाला दांत घासणें हें एक काम वाटतें. विशेष शिक्षकाला त्यांत दहाबारा कामें दिसतात : ब्रश उचलणें, तो ओला करणें, पेस्टचें टोपण काढणें, ती लावणें, पुढचे दांत, डावी बाजू, उजवी बाजू, थुंकणें, चूळ भरणें, ब्रश धुणें. कित्येकदां शिक्षक शेवटापासून आरंभ करतो. सगळें काम आपण करून ब्रश धुण्याची पायरी तेवढी मुलाला देतो, म्हणजे प्रत्येक वेळीं काम पुरें केल्याचा आनंद मुलाच्याच पदरीं पडतो.

ह्या काळांत दंतवैद्यक काय करीत होतें? भारतांत १९२० सालीं डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास पहिलें दंत महाविद्यालय काढलें. मुंबईंत १९३३ सालीं नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय निघालें. आणि १९४८ च्या कायद्यानें दंतवैद्यांच्या नोंदणीची व शिक्षणाची घडी बसविली. त्या पिढीपुढील प्रश्न प्रशिक्षित दंतवैद्य मिळविण्याचाच होता. पाश्चात्य देशांत दंतवैद्य पुष्कळ होते, पण तेथेंही न बसणाऱ्या मुलाला फळीला बांधणें, किंवा ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करणें, ह्या रीति शास्त्रसंमत समजल्या जात होत्या. अमेरिकेंतील बालदंतवैद्यांच्या मुख्य संस्थेनें तोंडावर हात दाबण्याची रीत आपल्या मार्गदर्शिकेंतून वगळली ती २००६ सालीं. ही तारीख फार जुनी नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दोन्ही प्रवाहांचा संगम झाला तो भीतीच्या अभ्यासांतून. १९२४ सालीं अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भीत असे. बाईंनीं त्याला समजावलें नाहीं कीं दरडावलें नाहीं. तो आवडीचा खाऊ खात असतां पिंजऱ्यांतील ससा दूर ठेवला. दुसऱ्या दिवशीं थोडा जवळ, नंतर आणखी थोडा जवळ. अखेर पीटर त्या सशाला गोंजारूं लागला. दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालीं हीच कल्पना शास्त्रशुद्ध पायऱ्यांत मांडली. १९५९ सालीं हॅरोल्ड ॲडेलस्टन या दंतवैद्यानें आपल्या व्यवसायाला तीन शब्दांचा मंत्र दिला : सांगा, दाखवा, करा. हत्यार काय आहे तें आधीं सोप्या शब्दांत सांगावें. मग तें हातावर किंवा नखावर फिरवून दाखवावें. आणि सांगितलें तेवढेंच करावें. १९६७ सालीं अल्बर्ट बांडुरा आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें, कीं कुत्र्याला भिणारें मूल दुसऱ्या मुलाला कुत्र्याशीं खेळतांना वारंवार पाहून धीट होतें. भाऊ किंवा बहीण आधीं खुर्चींत बसली, तर मागचें मूल बसण्याचा संभव कां वाढतो, याचें उत्तर त्यांत आहे. १९७२ पासून उत्तर कॅरोलायनांत एरिक शॉप्लर यांनीं स्वमग्न मुलांसाठीं चित्रांच्या क्रमानें दिवस आंखून देण्याची पद्धति रूढ केली. तीच चित्रें पुढें दवाखान्याची वाट दाखवूं लागलीं.

ह्या साऱ्या इतिहासाचें सार चांदवडच्या एखाद्या घरांत कसें उतरेल? त्याला महागडें कांहींच लागत नाहीं. पहिला मुक्काम घरांतच. मूल शांत असेल अशी वेळ निवडावी. ती सकाळचीच असली पाहिजे असें नाहीं. त्याचें डोकें मांडीवर घ्यावें, किंवा त्याच्या मागें उभें राहून डोक्याला आधार द्यावा. पहिले कांहीं दिवस ब्रश फक्त हातांत द्यावा. नंतर गालाला, ओठाला, पुढच्या एका दांताला लावावा. पेस्ट सोसत नसेल, तर प्रथम नुसता ओला ब्रश पुरे. पुढें फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. मोठ्यानें पांचपर्यंत मोजावें आणि पांचाला थांबावें. मूल गप्प आहे म्हणून सहावा आंकडा मोजूं नये, कारण मोजलेला शब्द मोडला कीं विश्वास मोडतो. पांचाचे दहा, दहाचे वीस होण्यास महिना लागो कीं वर्ष लागो. पकड कमजोर असेल, तर ब्रशच्या दांड्यावर कापड गुंडाळावें किंवा रबरी चेंडूला भोंक पाडून तो दांड्यावर बसवावा. काम झालें कीं लगेच कौतुक करावें; बक्षीस म्हणून गोळी किंवा चॉकलेट मात्र देऊं नये. आवडतें गाणें, ओटीवरचा झोका, गाईला चारा घालण्याची संधि, हींच खरीं बक्षिसें.

दुसरा मुक्काम दवाखान्याच्या बाहेर. दांत दुखत नसतांनाच ही तयारी करावी. एक दिवस दवाखाना रस्त्यावरून दाखवावा. एक दिवस बाकावर बसून परतावें. एक दिवस आईच्या मांडीवर बसून खुर्चींत बसावें. एक दिवस नुसता आरसा तोंडांत घालूं द्यावा. दार, बाक, खुर्ची, दिवा, आरसा आणि पुन्हां घर, अशा सहा चित्रांची पट्टी जवळ ठेवावी. म्हणजे ह्या प्रवासाला शेवट आहे हें मुलाला दिसतें. हात वर केला कीं काम थांबेल, अशी खूण दंतवैद्याशीं ठरवावी, आणि दंतवैद्यानें ती पाळावी. ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या हातीं ह्या एका खुणेनें प्रथमच थोडा अधिकार येतो. अधिकार आला कीं भीति ओसरूं लागते.

ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गाल सुजला असेल, ताप असेल, गिळण्यास किंवा श्वासास त्रास होत असेल, तर पायऱ्या मोजीत बसण्याची ती वेळ नव्हे. रुग्णाला तात्काळ रुग्णालयांत नेलें पाहिजे. कांहीं रुग्णांना औषधानें गुंगी किंवा भूल द्यावीच लागते, आणि त्यांत आईबापांनीं कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. परंतु धरून ठेवणें हा सोयीचा मार्ग होतां कामा नये. घाईंत वाचविलेल्या दहा मिनिटांची किंमत पुढें दहा वर्षें मोजावी लागते.

कायद्यानेंही आतां ह्या बाजूला वजन टाकलें आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत ते एकवीस झाले. आरोग्यसेवा जवळपास, विशेषतः ग्रामीण भागांत, मिळावी. सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत अडथळ्यावांचून प्रवेश असावा. आणि तपासणींत व उपचारांत दिव्यांगांना अग्रक्रम मिळावा, असें त्याच्या पंचविसाव्या कलमांत म्हटलें आहे. अग्रक्रम ही येथें निव्वळ सवलत नव्हे. गर्दीच्या खोलींत दोन तास ताटकळलेलें स्वमग्न मूल खुर्चीपर्यंत पोहोंचतें तेव्हां त्याचा धीर संपलेला असतो. पहिलाच क्रमांक मिळाला, तर तोच धीर खुर्चींत उपयोगी पडतो. २०११ च्या जनगणनेंत देशांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष आणि महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६० हजार दिव्यांग व्यक्ति नोंदल्या गेल्या. इतक्या लोकांचें दुखणें केवळ जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयांवर सोपवून भागणार नाहीं. तालुक्याचा दंतवैद्य, शाळेचा शिक्षक, अंगणवाडीची सेविका आणि घरांतील माणूस यांनीं वाटेवरचा एक एक मुक्काम सांभाळला पाहिजे.

अहिल्याबाईंच्या काळीं चांदवडहून निघालेला यात्रेकरू आग्र्याला किती दिवसांनीं पोहोंचेल, हें कुणी त्याला दरडावून विचारीत नसे. आज तो किती चालला आणि रात्रीं कोठें टेकला, एवढेंच विचारीत. दिव्यांग मुलाच्या दांतांची काळजी वाहणाऱ्या घरानेंही रोज इतकेंच विचारावें : आज एक पाऊल पडलें कां? पडलें असेल, तर आजचा मुक्काम झाला. खुर्ची पुढें आहे, आणि ती कोठेंही जात नाहीं.